शिवेचा बांध

आम्ही राहतों त्या भागाचें नांव शीव. इंग्रजांच्या जिभेवर त्याचें सायन झालें आणि हळू हळू आमच्याही बोलण्यांत तेंच रुळलें. तरी मूळ शब्द असा आहे कीं, तो उच्चारतांच जागेचा पूर्वेतिहास डोळ्यांपुढें उभा राहावा. शीव म्हणजे हद्द. मुंबईचें बेट येथें संपत असे, आणि मधली खाडी ओलांडली म्हणजे साष्टीचें बेट लागत असे. हद्दीवर राज्यकर्ते बहुधा किल्ला बांधतात. क्वचित् सुबुद्धि झाली तर रस्ता बांधतात. शिवेला दोन्ही झालीं. टेकडीवरचा किल्ला सतराव्या शतकांतला आहे. खाडीवरचा बांध त्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं आला, आणि त्या बांधापासून शीव ही शीव उरली नाहीं. ती मुंबईचा दरवाजा झाली.

हा बांध घालविला तो जोनाथन डंकन ह्या गव्हर्नरानें. एल्फिन्स्टनचें नांव शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोंचलें. डंकनचें नांव मुंबईच्या एका रस्त्याला होतें, तेंही जाऊन तेथें मौलाना आझादांचें नांव आलें. त्याबद्दल आम्हांस खंत वाटत नाहीं. रस्त्यांचीं नांवें हीं सत्तेचीं वस्त्रें आहेत. सत्ता बदलली कीं तीं बदलावयाचींच. पण डंकन हा १७९५ च्या डिसेंबरापासून १८११ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळ जवळ सोळा वर्षें, मुंबईचा गव्हर्नर होता. एवढी दीर्घ कारकीर्द त्या गादीवर दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आली नाहीं. शिवाय तो लोभी नव्हता, क्रूर नव्हता आणि आळशीही नव्हता. दुष्ट राज्यकर्त्याचा न्याय करणें सोपें असतें. परका, वरून नेमलेला, परंतु दयाळू आणि उद्योगी असा राज्यकर्ता समोर आला म्हणजे मात्र न्याय करणाराची परीक्षा होते. म्हणून डंकनच्या कारकीर्दीकडे पुन्हां एकवार पाहावें असें आम्हांस वाटतें.

डंकनचा जन्म १७५६ सालचा, स्कॉटलंडांतला. सोळाव्या वर्षीं तो कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत उतरला, आणि त्यानंतर मायदेशीं परत गेला नाहीं. तिशी उलटतांच त्याला काशीचा रेसिडेंट नेमण्यांत आलें. कंपनीचे त्या काळचे बहुतेक नोकर चार पैसे गांठीस मारून परत जाण्याच्या घाईंत असत. हा गृहस्थ मात्र काशीच्या पंडितांत रमला. १७९१ सालीं त्याच्या पुढाकारानें तेथें संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. आजचें संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय हें तिचेंच वाढलेलें रूप होय. १७९४ सालीं बाजार बांधण्यासाठीं दगडविटा हव्या म्हणून जगतसिंहाच्या मजुरांनीं सारनाथचा एक स्तूप फोडला, तेव्हां आंत अस्थींचें पात्र निघालें. त्या शोधाची वार्ता एशियाटिक सोसायटीस कळविली ती डंकननें. इराण, रशिया आणि तिबेट येथवर भटकून आलेला एक ऊर्ध्वबाहु संन्यासी त्याला भेटला, तर त्याची प्रवासकथा ह्यानें आस्थेनें लिहून घेतली व प्रसिद्ध केली. पुढें मुंबईस रेकॉर्डर म्हणून आलेला विद्वान् सर जेम्स मॅकिंटॉश ह्यानें, इतकीं वर्षें ह्या देशांत काढून डंकन अंतर्बाह्य ब्राह्मण बनून गेला आहे, अशा अर्थाचा शेरा मारला होता. मॅकिंटॉशच्या लेखीं ती निंदा होती. आम्हां वाचकांस तींत थोडी स्तुतीही दिसल्यावांचून राहत नाहीं.

काशीस असतांनाच डंकनच्या हातून त्याच्या आयुष्यांतलें सर्वांत मोठें म्हणून गाजलेलें काम झालें. त्या प्रांतांतील राजकुमार नांवाच्या रजपूत कुळांत मुलगी जन्मास येतांच तिला मारून टाकण्याची चाल होती. १७८९ सालीं तिचा पत्ता डंकनला लागला. त्यानें त्या कुळांच्या प्रमुखांकडून एक करारनामा लिहवून घेतला, आणि त्यांत आधार दिला तो इंग्लंडच्या कायद्याचा नव्हे, तर ब्रह्मवैवर्त पुराणाचा. तुमच्याच शास्त्राप्रमाणें हें पातक आहे, असें तुम्हींच मान्य करा व तें सोडल्याचें वचन द्या, असा त्याचा रोख. परक्या राज्यकर्त्यानें लोकांच्या अंतःकरणास हात घालण्याचा इतका विचारपूर्वक यत्न त्या काळीं फारसा कोणी केलेला नाहीं. मुंबईस आल्यावरही हा विषय त्याच्या मनांतून गेला नाहीं. काठेवाडांतील जाडेजा रजपुतांत तीच चाल आहे असें कळतांच त्यानें कर्नल वॉकरकरवीं १८०७-०८ च्या सुमारास तसेच करार त्यांच्याकडूनही करून घेतले.

आतां आमच्या बांधाकडे वळूं. साष्टी बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांनीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत घेतलें, मराठ्यांकडून इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम झालें. खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच निशाण लागलें तेव्हां मधलें पाणी हें संरक्षण न राहतां अडचण झालें. मुंबई शहर वाढत होतें आणि त्याचें पोट साष्टीच्या भाजीपाल्यावर अवलंबूं लागलें होतें. पण माळ्याची टोपली होडीच्या आणि भरती-ओहोटीच्या मर्जीनें अलीकडे यावयाची. १७९८ च्या मे महिन्यांत शीव आणि कुर्लें ह्यांच्या दरम्यान दगडी बांधाच्या कामास आरंभ झाला. १८०५ पर्यंत तें संपूर्ण झालें, आणि त्यास ५०,५७५ रुपये खर्च आला. १८०९ सालीं मुंबईस आलेल्या मारिया ग्रॅहॅम ह्या इंग्रज बाईनें आपल्या प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केलें आहे. बांध दगडी व मजबूत, मध्यें एक उचलता पूल, वाऱ्यापावसाच्या दिवसांत गाड्यांना धोका वाटावा इतका अरुंद, पण रोजचा माल बाजारांत आणणाऱ्या शेतकऱ्यांस व माळ्यांस मोठ्या सोयीचा, असें ती सांगते. आरंभीं ह्या वाटेवर टोल घेत असत; तो १८३१ सालीं उठला. त्यापूर्वीं १८२६ सालीं एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत आणखी ४०,००० रुपये खर्चून बांधाची रुंदी दुप्पट केली गेली.

हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहों. लढायांच्या इतिहासांत अशा रकमांस जागा नसते. परंतु पहाटे कुर्ल्याहून भाजी घेऊन निघालेल्या बाईच्या दृष्टीनें पाहिलें, तर पुष्कळ विजयांपेक्षां ह्या पन्नास हजारांचें मोल अधिक भरेल.

येथपर्यंतचें चित्र उजळ आहे. पण गव्हर्नर हा कांहीं केवळ रस्ते बांधणारा मुकादम नव्हे. त्याच्या दप्तरांत तहनाम्यांचीही फडकीं असतात. मलबार प्रांत त्या वेळीं मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. तेथील पळश्शी राजानें कंपनीच्या फौजेला वायनाडच्या घाटांत जबर तडाखा दिला, तेव्हां १७९७ सालीं डंकन जातीनें तेथें गेला आणि त्यानें राजाशीं तह केला. तो टिकला नाहीं. १८०० सालीं मलबार मुंबईकडून काढून मद्रासकडे देण्यांत आला, आणि १८०५ सालीं तो शूर राजा कंपनीच्या फौजेशीं लढतां लढतां पडला. सुरतेचा नवाब १७९९ सालीं वारला, तेव्हां गव्हर्नर-जनरल वेलस्ली ह्याच्या हुकमानें डंकन सुरतेस गेला. नव्या नवाबाच्या हातांत तनखा ठेवून त्या इतिहासप्रसिद्ध बंदराचा सारा कारभार १८०० च्या तहानें कंपनीनें उचलला. १८०२ सालीं बडोद्याच्या गायकवाडांच्या घरांत भांडण लागलें; दिवाण रावजी आपाजी ह्यांच्या मदतीस मुंबईची फौज गेली, आणि बडोद्यास कंपनीचें पाऊल पडलें तें पुढें निघालें नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ह्या सर्वांवर कळस झाला. हडपसरच्या लढाईनंतर पुण्याहून पळालेला दुसरा बाजीराव समुद्रमार्गें वसईस आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें तेथें आपलें स्वातंत्र्य लिहून दिलें. ज्या वसईच्या तटावर १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या माणसांनीं प्राण वेंचले, तीच ही वसई. तह ठरविला तो कर्नल बॅरी क्लोजनें, डंकननें नव्हे, हें खरें. पण वसई साष्टीच्या उत्तरेस लागूनच आहे. आणि साष्टीच्या दक्षिण टोंकाशीं, शिवेच्या खाडींत, ह्याच महिन्यांत डंकनच्या बांधाचे दगड बसत होते. पुढें १८०३ सालीं युद्ध पेटलें, पावसानें दगा दिला, होळकर-शिंद्यांच्या आणि कंपनीच्या फौजांनीं तुडविलेल्या दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला, आणि उपाशी माणसांचे थवे मुंबईच्या आश्रयास आले. डंकनच्या सरकारनें त्यांच्यासाठीं अन्नाची व औषधाची व्यवस्था केली. ती मनापासून केली ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. एका हातानें लागलेल्या आगींत दुसऱ्या हातानें पाणी ओतणें हें साम्राज्याचें नित्यकर्म आहे. ओतणारा हात प्रामाणिक असूं शकतो, एवढेंच.

हा विषय एकदां आम्ही वर्गांत सांगत होतों. बांधाची, भाजीची, टोलाची हकीकत झाली. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, टोल माळी देत होते. पण बांध कोठें घालावा, टोल किती असावा, हें त्या माळ्यांना कोणी विचारलें होतें का?” प्रश्न साधा होता. परंतु डंकनविषयीं जेवढें म्हणून लिहिलें गेलें आहे, त्यांत हा प्रश्न क्वचितच भेटतो. त्याच्या चांगुलपणाची चर्चा होते, त्याच्या दुबळेपणाची होते. तो कोणाला जाब देत होता ह्याची होत नाहीं. तो जाब देई तो कलकत्त्यास गव्हर्नर-जनरलला आणि लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांना. सोळा वर्षांत मुंबईच्या एकाही रहिवाशाला त्याच्या बाजूनें वा विरुद्ध बोट वर करण्याची संधि मिळाली नाहीं.

ह्याच्याशीं ताडून पाहावा असा दुसरा एक गव्हर्नर थोड्याच वर्षांनंतर अमेरिकेंत होऊन गेला. न्यूयॉर्क संस्थानचा डी विट क्लिंटन ह्यानेंही पाण्याशींच झगडा मांडला होता. हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत ३६३ मैलांचा कालवा खणावयाचा, हा त्याचा ध्यास. मध्यवर्ती सरकारनें मदत नाकारली. विरोधकांनीं त्याला ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हिणविलें. १८१७ सालीं तो गव्हर्नर झाला आणि कामास आरंभ झाला. १८२२ सालीं वारें फिरलेलें पाहून तो निवडणुकीस उभाच राहिला नाहीं. १८२४ सालीं तर प्रतिपक्षानें कालव्याच्या मंडळावरूनही त्याला काढून टाकलें. ह्या कोतेपणाची लोकांस इतकी चीड आली कीं, त्याच वर्षीं त्यांनीं त्याला पुन्हां गव्हर्नर निवडून दिलें, आणि १८२५ सालीं पुऱ्या झालेल्या कालव्याचा समारंभ त्याच्याच हस्तें झाला. डंकनप्रमाणें तोही अधिकारावर असतांनाच, १८२८ सालीं, वारला.

हें राज्य रामराज्य होतें असें कोणीं समजूं नये. मत देणारांत स्त्रिया नव्हत्या. काळ्या लोकांवर मिळकतीची अट होती. आणि कालवा गेला ती भूमि मूळच्या रहिवाशांकडून काढून घेतलेली होती. तरीही एक भेद उरतोच. क्लिंटनला आपलें म्हणणें लोकांना पटवून द्यावें लागलें, टवाळी ऐकावी लागली, पराभव पचवावा लागला. त्यामुळें कालवा पुरा झाला तेव्हां तो एका गव्हर्नराचा राहिला नव्हता. भांडून भांडून तो लोकांचा झाला होता. डंकनला कोणी हिणविलें नाहीं. पण त्यामुळेंच त्याचें चांगलें कामही लोकांच्या अंगीं लागावें तसें लागलें नाहीं.

ह्याचा पुरावा मुंबईंतच, फोर्टांतील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्यें आहे. तेथें डंकनचें संगमरवरी स्मारक आहे, आणि त्यांतील बालकांच्या हातच्या पट्टीवर काशी आणि काठेवाड येथील बालहत्या बंद झाल्याचें कोरलें आहे. दगडानें सांगितलेली ही गोष्ट खरी नव्हती. थोड्याच वर्षांनीं काठेवाडांत मोजणी झाली तेव्हां जिवंत मुलींची संख्या मन खिन्न करणारी निघाली. काशीकडेही चाल गुप्तपणें चालूच होती. अखेर १८७० सालीं सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तोही पुरा पडला नाहीं. करारनाम्यावर सह्या केल्या त्या पुरुषांनीं, एका साहेबासमोर. मुलीच्या आईला कोणीं विचारलें नव्हतें. वरून आलेल्या दयेनें पुराणाचें वचन शोधून काढलें, पण घराच्या आंतलें मन तिच्या हातीं लागलें नाहीं. तें काम पुढें आमच्याच समाजांतील स्त्रीपुरुषांना, शिव्याशाप सोसून, करावें लागलें. आणि तें संपलें असें म्हणण्याची हिंमत आजही कोणीं करूं नये.

उलट उदाहरणही आमच्या शेजारींच आहे. माहीम आणि वांद्रें ह्यांच्यामधल्या पाण्यांत होड्या बुडून माणसें मरत, तरी तेथें बांध घालण्यास सरकार पैसा देईना. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या पत्नी अवाबाई ह्यांनीं दीड लाखावर रुपये दिले आणि अट घातली कीं, ह्या वाटेवर टोल घ्यावयाचा नाहीं. १८४५ सालीं तो रस्ता खुला झाला. शिवेचा बांध सरकारनें दिलेला आणि टोल घेतलेला. माहीमचा बांध शहरांतल्या एका बाईनें दिलेला आणि टोल नाकारलेला. दोन बांधांमधलें अंतर कांहीं मैलांचें आणि चाळीस वर्षांचें; पण तेवढ्या अवधींत मुंबईकर हा केवळ रयत न राहतां नागरिक होऊं लागला होता. पुढें १८७२ च्या कायद्यानें मुंबईच्या म्युनिसिपालिटींत निम्मे सभासद कर देणारांनीं निवडावे असें ठरलें, आणि १८८८ च्या कायद्यानें तो पाया पक्का झाला. त्यामागें फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं वर्षानुवर्षें घातलेला वाद होता. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास मुंबईला असा पाऊण शतकाचा काळ लागला.

एवढ्या कष्टानें मिळालेली वस्तु किती सहज हातची सुटते, हें मात्र आम्हीं ह्याच डोळ्यांनीं पाहिलें. ७ मार्च २०२२ रोजीं मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, प्रशासक नेमला गेला, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ह्या अफाट शहराला निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. त्या काळांत रस्ते खणले गेले, भरले गेले, कोट्यवधि रुपये खर्च झाले. आम्हांस नवल वाटलें तें ह्याचें नव्हे. सायंकाळीं किल्ल्याच्या पायथ्याशीं फिरावयास येणारे आमच्या वयाचे सुशिक्षित गृहस्थ शांतपणें म्हणत, “नगरसेवक नाहीत तेंच बरें, कामें तरी होताहेत.” त्यांपैकीं एकानेंही डंकनचें नांव ऐकलें नसेल, परंतु डंकनची बाजू त्याच्या स्मारकापेक्षांही चांगली मांडीत होते ते हेच. राज्यकर्ता सज्जन आहे, रस्ता होतो आहे, मग विचारणा हवी कशाला?

ह्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. रस्ता झाला त्याबद्दल कृतज्ञ असावें. ती कृतघ्न माणसाला शोभणारी जागा नव्हे. शिवेचा बांध चांगला होता, आणि तो घालणारा माणूसही, आम्हांस वाटतें, चांगला होता. परंतु सज्जन माणूस मिळणें हा दैवाचा भाग आहे. त्याच खुर्चीवर उद्यां दुसरा बसतो, तिसरा बसतो, आणि तहनाम्याचें फडकें सोडणारा हात तोच असतो. ज्या व्यवस्थेंत माळ्याला विचारावयाचें नसतें, त्या व्यवस्थेंत पेशव्यालाही विचारावयाचें नसतें, नवाबालाही नाहीं आणि नवजात मुलीच्या आईलाही नाहीं. ह्या सर्व गोष्टी एकाच दप्तरांतल्या आहेत. त्यांतून रस्ता तेवढा वेगळा काढून घेतां येत नाहीं.

डंकन पंचावन्नाव्या वर्षीं मुंबईंतच वारला. त्याचा मूळचा बांध पुढच्या रुंदीकरणांत आणि भरावांत कोठें विरून गेला हें आज शिवेहून कुर्ल्यास जाणाराच्या लक्षांतही येत नाहीं. पायाखालीं पाणी होतें ह्याचीही त्याला आठवण नसते. रस्त्याचें भाग्य असेंच असावें. मात्र त्या रस्त्यानें रोज जाणारांनीं, रस्ता कोणी बांधला हें विसरलें तरी चालेल. कोणाला विचारून बांधला, हें विचारावयास विसरूं नये.